तीन घरांची परीक्षा

सरांना मी अजून माफ केलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी त्यांच्याबद्दल चार चांगली वाक्यं लिहिली तर कुणी फसायला नको. चांगली वाक्यं लिहावी लागणारच. माणूस नुसताच वाईट असता तर मी त्याच्यावर इतकी शाई वाया घालवली नसती.

कामोठ्यात, जुन्या गावाला खेटून असलेल्या एका सेक्टरमध्ये, तळमजल्याच्या गाळ्यात त्यांचा क्लास होता. एका बाजूला डेअरी, दुसऱ्या बाजूला दहावीची शिकवणी. बाहेर पाटी होती, 'प्रोग्रॅमिंग शिका'. ती पाटी वाचून मी आत शिरले. पदवी घेऊन नवीन पनवेलला आईवडिलांच्या घरी बसले होते आणि येणारीजाणारी प्रत्येक मावशी 'मग आता पुढे काय?' विचारत होती. प्रोग्रॅमिंग म्हटलं की निदान मावशीचं तोंड बंद व्हायचं.

त्या गाळ्यात प्रोग्रॅमिंग मात्र सगळ्यात शेवटी शिकवलं जायचं, तेही वेळ उरला तर. आधी महिनोन् महिने एकच गोष्ट. पॅकेज मॅनेजर बसवणे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रोग्रॅम लिहायचा तर त्याला दुसऱ्यांनी तयार करून ठेवलेलं बरंच सामान लागतं. ते सामान इंटरनेटवरून आणून, कॉम्प्युटरमध्ये जागच्या जागी लावून देणारं साधन म्हणजे पॅकेज मॅनेजर. सर त्याला 'वाणी' म्हणायचे. "वाण्याला नुसतं नाव सांगा. तो डाळ आणतो, आणि ह्या डाळीला कुठलं तिखट लागतं तेही न सांगता पिशवीत टाकतो. पण आधी वाणी तुमच्या दारात यायला हवा ना? तो कसा येतो ते शिका." बाकीचं जग हे काम पाच मिनिटांत उरकतं आणि विसरून जातं. आमच्याकडे तो अभ्यासक्रम होता.

टेबलावर तीन मशीन मांडलेली असत. एकावर लिनक्स, एकावर विंडोज, आणि तिसरा एक जुना मॅक. सरांनी त्यांची नावं ठेवली होती. लिनक्स म्हणजे माहेर, विंडोज म्हणजे सासर आणि मॅक म्हणजे आत्याबाईंचं घर. माहेरी वाणी पिढ्यान् पिढ्यांचा असतो, हाक मारली की येतो. फक्त आईच्या डब्यांना, म्हणजे मशीनच्या स्वतःच्या सामानाला, हात लावायचा नाही, आपला डबा वेगळा करायचा. सासरी पदोपदी परवानगी. "आणि सामान घरात आलं म्हणून उड्या मारू नका. रेशनकार्डावर नाव चढलं का ते बघा. नाव चढलं नसेल तर हाक मारा, बोंब मारा, कुणी ओ देणार नाही." म्हणजे साधन कुठे ठेवलंय ते कॉम्प्युटरच्या यादीत नोंदवायचं. आत्याबाईंकडे सगळं देखणं, पण कामाचं बोलायच्या आधी दोन तास चहा. म्हणजे मूळ साधन बसवण्यापूर्वी भलंमोठं काहीतरी उतरवून घ्यावं लागायचं. वर आत्याबाईंनी घर बदललं, म्हणजे नव्या जातीचा मॅक आला, की सामान ठेवायची जागाही बदलायची.

हे सगळं मला आजही तोंडपाठ आहे. बापाच्या शिव्या विसरतो माणूस, सरांच्या उपमा विसरता येत नाहीत.

क्लासमध्ये आलं की माउस जमा करायचा. ते सगळे माउस सर आपल्या ड्रॉवरमध्ये शेपट्या गुंडाळून ठेवायचे आणि कुलूप लावायचे. कमांड कुठून तरी उचलून चिकटवलेली त्यांना खपत नसे. "उष्टं खाऊ नका," म्हणायचे. हाताने टाइप करायची, अक्षर न् अक्षर. चूक झाली, लाल अक्षरं आली, की उभं राहून ती अख्खी मोठ्याने वाचायची. पलीकडे दहावीची पोरं संस्कृत घोकत असायची आणि अलीकडे आम्ही पदवीधर लोक 'परमिशन डिनाइड' म्हणत उभे. शिकवणीच्या बाई एकदा तक्रार घेऊन आल्या. सरांनी त्यांना खुर्ची दिली, डेअरीतून ताक मागवलं, आणि पोरांना चूक मोठ्याने वाचायला लावण्याचे फायदे समजावून सांगितले. बाई ताक पिऊन निघून गेल्या आणि पुन्हा आल्या नाहीत.

सामान उतरत असताना स्क्रीनसमोरून उठायचं नाही, हाही एक नियम. फोन बघायचा नाही, गप्पा नाहीत. "भात शिजतोय. गॅसवर भात ठेवून शेजारी जाता का?" असे आम्ही बसून राहायचो, टक्के वर चढताना बघत.

पण सगळ्यात मोठा नियम कोऱ्या मशीनचा. परीक्षा घ्यायची ती कोऱ्या मशीनवर. आधी सगळं पुसून टाकायचं, जणू कॉम्प्युटर आत्ताच खोक्यातून बाहेर काढलाय, आणि मग पहिल्या पायरीपासून सुरुवात. "भरल्या घरात कोणीही संसार करेल. रिकाम्या घरात चूल पेटवून दाखवा." तिन्ही घरांत चूल पेटली की पास. एकात जरी अडकलात तरी नापास, पुन्हा सगळं पहिल्यापासून.

हे वेड त्यांच्या घरापर्यंत गेलेलं होतं. विचुंब्याला नव्या इमारतीत त्यांचा फ्लॅट होता. मी एकदा काही द्यायला गेले तर आत एक खुर्ची, एक टेबल, एक पलंग. दरवर्षी दिवाळीच्या आधी ते सगळं घर रिकामं करून जिन्यात मांडायचे आणि जे वर्षभर वापरलं नाही ते परत आत घ्यायचे नाहीत. एका वर्षी काकूंचं, म्हणजे सरांच्या बायकोचं, शिवणयंत्र असंच जिन्यातून गेलं. काकू मुलाकडे पुण्याला राहतात, एवढंच सर सांगायचे. शिवणयंत्राचं मला काकूंनीच फोनवर सांगितलं. मी सरांना विचारलं तर शांतपणे म्हणाले, "ती वापरत नव्हती." त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता.

मोठ्या कंपनीत होते ते, पूर्वी. तिथून का बाहेर पडले याच्या तीन कथा होत्या, तिन्ही त्यांनीच सांगितलेल्या. त्या मी इथे देत नाही, कारण त्यातली कुठलीच मला खरी वाटत नाही. खरं एवढंच की महापेच्या एका सॉफ्टवेअर कंपनीतले साहेब तरुणपणी सरांच्या हाताखाली घडले होते, आणि त्यांना सरांच्या शब्दाची किंमत होती. सरांनी फोन करून 'हा घ्या' म्हटलं की तो मुलगा किंवा मुलगी लागलीच म्हणून समजा. वर्षातून थोडेच फोन करायचे, पण केलेला फोन फुकट जात नसे. आम्ही सगळे त्या एका फोनसाठी माउस जमा करत होतो.

मंजुळा आमच्या बॅचला आली ती नेऱ्याच्या पलीकडच्या, डोंगराखालच्या वाडीतून. कातकऱ्यांची वाडी. आश्रमशाळेत शिकली, मग पनवेलच्या कॉलेजात बी.एस्सी. झाली. तिच्या घरचे दिवाळी झाली की वीटभट्टीवर जात आणि पाऊस पडेपर्यंत तिथेच राहत. सरांनी तिच्याकडून फी घेतली नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "फी मी मठ्ठांकडून घेतो." हे चांगलं वाक्य. लिहिलं मी.

मंजुळा मठ्ठ नव्हतीच. आम्ही वाण्याला दारात आणत होतो तेव्हा ती माझ्या घरी येऊन, माझ्या लॅपटॉपवर, प्रोग्रॅम लिहायला शिकत होती. मी तिला शिकवायला बसले आणि थोड्याच दिवसांत तीच मला शिकवायला लागली. तिने वाडीच्या पाण्याच्या टाकीसाठी काहीतरी लिहिलं होतं, कुणाचा नंबर कधी, याचं. टाकीत पाणीच नसायचं ती गोष्ट वेगळी.

बापाशी तिचा करार झाला होता. दिवाळीपर्यंत नोकरी लागली तर भट्टीवर जायचं नाही. नाही लागली तर जायचं, कारण भट्टीवर हात मोजतात आणि घरात तिच्या हातांशिवाय पुरेसे हात नव्हते. तिने दुसरीकडेही मुलाखती दिल्या. तिथे पहिला प्रश्न 'स्वतःबद्दल इंग्रजीत सांगा' असा असायचा आणि ती गप्प व्हायची. तेव्हा उरला तो सरांचा फोन.

माहेर तिने पहिल्याच फेरीत जिंकलं. सासरही. रेशनकार्डावर नाव चढवायला आमच्यातले निम्मे विसरले, ती विसरली नाही. आत्याबाईंच्या परीक्षेच्या आठवड्यात तिची आई तापाने पडली आणि ती वाडीला गेली. आमच्या परीक्षा झाल्या. माझीही झाली. ती परत आली त्याच्या आदल्या दिवशी मॅक बंद पडला. चार्जिंग घेईना, स्क्रीन काळी.

दुरुस्तीचं दुकान रस्ता ओलांडला की होतं. सरांनी तिथे द्यायला नकार दिला. "घरचं माणूस मी परक्याच्या हाती देत नाही." स्वतः उघडून बसले. एक भाग मिळेना, तो कुठून तरी मागवला, आला तो चुकीचा. गणपती गेले, नवरात्र गेलं. माझ्यासाठी सरांनी महापेला फोन केला आणि मला नोकरी लागली. मावशीचं तोंड कायमचं बंद झालं.

मी नोकरीवर रुजू झाले आणि पहिल्याच आठवड्यात बघितलं तर अख्ख्या कंपनीत मॅक नव्हता. एकही नाही. मी तशीच संध्याकाळी कामोठ्याला गेले.

"सर, तिथे मॅक नाहीतच. मंजुळाला फोन करा तुम्ही."

"आज नाहीत," सर म्हणाले. स्क्रू काढत होते, मान वर केली नाही.

"तिला दोन घरं येतात सर. तिसऱ्याचं नंतर बघता येईल."

"एक पायरी गाळली की जिना राहत नाही, घसरगुंडी होते."

मी माझ्या चुलतभावाचा मॅक मागून आणला. नवाकोरा दिसत होता बिचारा. सरांनी तो उघडून पाहिला आणि बाजूला सारला. यात आधीच सगळं बसवलेलं आहे, वाणी दारात बसून विड्या ओढतोय, यात परीक्षा कसली? पुसून कोरा करून दे, म्हणाले. चुलतभावाची नोकरीच त्या मशीनमध्ये होती, तो कसा पुसू देईल? मी परत नेऊन दिला.

मग मंजुळा स्वतः बोलली. ती सरांसमोर फार बोलत नसे.

"सर, दिवाळीला आमी जातो भट्टीवर. मंग मला यायला नाय जमायचं."

"मशीन होईल दुरुस्त."

"नाय झाली तर?"

सरांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही, मी तिथे होते, मायेनेच पाहिलं. तेच मला जास्त झोंबतं. "मंजुळा, तू माझी सगळ्यात चांगली विद्यार्थिनी आहेस. तुला मी अर्धवट कुणाच्या दारात उभी करणार नाही."

ती 'बरं' म्हणाली. मी मात्र आमच्या साहेबांकडे गेले. म्हटलं, मुलगी हुशार आहे, माझ्यापेक्षा चांगली आहे, बोलावून तर बघा. साहेब म्हणाले, "सरांचा फोन येऊ दे. त्यांना डावलून घेतली तर मला जन्मभर ऐकवतील." एवढ्या मोठ्या केबिनमध्ये बसणारा माणूस, सरांच्या बोलण्याला घाबरत होता. एक जण तत्त्वाला धरून बसलेला, दुसरा त्याच्या धाकाला. मध्ये पोरगी.

दिवाळी झाली. वाडी रिकामी झाली. मंजुळाचा फोन कधी लागायचा, कधी नाही.

शिमग्याच्या सुमाराला एका शनिवारी सरांचा फोन आला. आवाज असा की लॉटरी लागली असावी. "झाला गं! जिवंत झाला! रात्री पुसून कोरा करून ठेवलाय. मंजुळाला उद्या सकाळी बोलाव."

"ती भट्टीवर आहे, सर. तिथून येता येत नाही."

"मग आपण जाऊ," ते म्हणाले. जणू ती आजारी आहे आणि आपण संत्री घेऊन भेटायला जातोय.

मी गेले त्यांना घेऊन. का गेले? मला मंजुळाला भेटायचं होतं. आणि खरं सांगायचं तर सरांनी ती भट्टी एकदा डोळ्यांनी बघावी असं मला फार वाटत होतं. स्कूटीवर मागे बसून त्यांनी मॅकची पिशवी छातीशी धरली होती, तान्हं मूल धरावं तशी. नेरे मागे पडलं, फार्महाउसची फाटकं संपली, आणि धूर दिसायला लागला.

मंजुळा डोक्यावर फळी घेऊन कच्च्या विटा वाहत होती. आम्हाला पाहून थांबली, मग खेप पुरी करून आली. हात मातीने कोपरापर्यंत राखाडी. सरांना पाहून तिने पदर नीट केला. ती एरवी ड्रेस घालायची, साडीत मी तिला पहिल्यांदा पाहत होते.

"तिसरं घर आणलंय," सर म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं.

झोपडीच्या सावलीला, पालथ्या घातलेल्या पाटीवर सरांनी मॅक ठेवला. मी फोनचं इंटरनेट दिलं. मंजुळाने हात धुतले, पुसले, परत धुतले आणि बसली. चार-पाच महिन्यांत तिने कीबोर्डला हात लावला नव्हता. बोटं आधी चाचरली, मग चालायला लागली. आत्याबाईंचा चहा सुरू झाला. एवढं मोठं सामान आणि डोंगराखालचं नेटवर्क, टक्के हलता हलेनात.

मुकादम लांबून ओरडला, "ए मंजे, बसलीस काय गं? कोण आलाय तुझा?"

ती उठली. "सर, टक्का वर येईस्तोवर दोन खेपा मारते."

"स्क्रीनसमोरून उठायचं नाही," सर म्हणाले. सवयीने म्हणाले, मला माहीत आहे. पण म्हणाले.

"सर, हितं उठायलाच लागतं," ती म्हणाली आणि गेली.

सर स्क्रीनकडे बघत होते, मी तिच्याकडे. फळी भरायची, डोक्यावर घ्यायची, रचायची, परत यायचं, येता येता मान वाकडी करून टक्के बघायचे. तिची आई खोपीच्या दारात उभी राहून आमच्याकडे पाहत होती. तिने आम्हाला पाणी दिलं. हे काय चाललंय, असं तिने विचारलं नाही.

शेवटी ते उतरलं. मंजुळा आली, पुढची कमांड हाताने टाइप केली. मशीनने शेवटी चार ओळी छापल्या, त्या तिने सवयीने उभं राहून मोठ्याने वाचल्या, इंग्रजीत, न अडखळता. रेशनकार्डावर नाव चढवलं. मग वाण्याला पहिली हाक मारली आणि त्याने ओ दिली. एकही लाल अक्षर आलं नाही. सर उभे राहिले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. भट्टीवरची माणसं वळून बघायला लागली.

मंजुळाने झाकण मिटवलं नाही, हसलीही नाही. म्हणाली, "सर, आता फोन करा."

"आत्ता?"

"आत्ताच करा."

सरांनी फोन लावला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून ते नेहमी स्पीकरवर बोलतात. साहेबांचा आवाज भट्टीवर अगदी स्पष्ट आला. सर म्हणाले, "एक मुलगी देतोय. तिन्ही घरं पास. इतकी पक्की मुलगी मी आजवर पाठवलेली नाही."

"कोण, ती नेऱ्याकडची?" साहेब म्हणाले. "सर, मी तिच्यासाठी जागा अडवून ठेवली होती हो. दिवाळी गेली, डिसेंबर गेला. रोज वाटायचं आज तुमचा फोन येईल. शेवटी वरून विचारणा झाली आणि भरावी लागली. आता यंदा काही नाही. सर? ऐकू येतंय का?"

सरांना ऐकू आलं होतं. त्यांनी फोन बंद केला आणि बराच वेळ तो खिशात ठेवायला त्यांना खिसा सापडला नाही.

मंजुळाने मॅक मिटला, पदराने त्यावरची धूळ पुसली, पिशवीत घालून सरांच्या हातात दिला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, निघा तुमी. ऊन चढतंय, सरांना तरास व्हईल." आणि फळी उचलून गेली. मागे वळून पाहिलं नाही तिने. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

नेरे जवळ आलं. मग मागून सरांचा आवाज आला, हळू, पण समाधानाचा. "काही म्हण, एक चूक केली नाही तिने."

मी बसस्टॉपपाशी गाडी थांबवली. म्हटलं, "सर, उतरा. इथून पनवेलची बस मिळते."

ते उतरले. भर उन्हात, पिशवी छातीशी धरून. माझ्यावर रागावले नाहीत. त्यांना वाटलं असावं, मला काहीतरी काम आठवलं.

"पण तिला येतं," ते म्हणाले. "तिन्ही येतात तिला."

"हो सर," मी म्हटलं. "येतात." आणि गाडी सुरू केली.